व्हॉल्व्ह नाही, ट्रान्झिस्टर नाही, तरी बिनतारी संदेश उमटायचा कसा?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: 1900 सालच्या आसपास व्हॉल्व्ह (रेडिओतली काचेची निर्वात नळी) नव्हता, ट्रान्झिस्टर तर नव्हताच. आलेला क्षीण संकेत मोठा करणारं एकही साधन हाताशी नव्हतं. मग किनाऱ्यावर ठिणगी पाडली की पन्नास मैलांवरच्या जहाजात कागदाच्या पट्टीवर ठिपके आणि रेघा कशा उमटायच्या? आणि ठिणगीसारख्या ओबडधोबड गोष्टीला ठरावीक वारंवारता कुठून यायची?

मी व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो, आणि त्या काळची उपकरणं स्वतः बांधून पाहायचा नाद मला अजून आहे. पाठ्यपुस्तकं बहुधा ‘ठिणगीतून लहरी निघतात, कोहेरर त्या पकडतो’ एवढ्यावर थांबतात आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. ठिणगी स्वतः लहरी तयार करत नाही. ठिणगी हा एक स्विच आहे. कोहेरर, म्हणजे घेणाऱ्या बाजूची धातूच्या किसाची नळी, हाही स्विचच. दोन्ही टोकांना एकेक स्विच आणि प्रत्येकाच्या मागे आपापली बॅटरी, एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

आधी पाठवणारी बाजू. बॅटरीचा प्रवाह इंडक्शन कॉइलच्या जाड तारेच्या प्रायमरीतून जातो. कॉइलच्या टोकाशी विजेच्या घंटेत असते तशी एक पोलादी पट्टी थरथरत असते. तिच्यामुळे प्रवाह सेकंदाला वीस-तीस-पन्नास वेळा तुटतो. प्रत्येक तुटण्याला बारीक तारेच्या सेकंडरीत हजारो व्होल्टचा झटका उठतो. जहाजांवर गाजलेली ‘दहा इंची कॉइल’ म्हणजे हवेत दहा इंच लांब ठिणगी टाकू शकणारी कॉइल. या झटक्याने लेडन जार भरते. लेडन जार म्हणजे आतून-बाहेरून धातूचा पत्रा चिकटवलेली काचेची बरणी, आजच्या भाषेत उच्च दाबाचा कपॅसिटर. जार भरत जाते, तिच्याशी जोडलेल्या दोन पितळी गोळ्यांमधला दाब वाढत जातो आणि एका क्षणी मधली हवा फुटते. काही क्षणांपूर्वी जी हवा पक्की विद्युतरोधक होती, ती आता जेमतेम काही ओहमची वाहक झालेली असते. स्विच लागला.

आता जारेतला विद्युतभार जाड तांब्याच्या काही वेढ्यांतून पलीकडे धावतो, पण तिथे जाऊन थांबत नाही. या वेढ्यांच्या कॉइलच्या प्रवर्तकतेमुळे (वाहता प्रवाह चालूच ठेवण्याच्या गुणामुळे) तो पुढे ओसंडतो, जार उलट्या दिशेने भरते, पुन्हा रिकामी होते. पितळी ताट हातून निसटून फरशीवर पडलं की ते आपल्याच सुरात झणझणत राहतं. फरशी कसली होती याचा त्या सुराशी संबंध नसतो. तसंच इथे. सूर ठरवतात जार आणि कॉइल. ठिणगी फक्त त्यांना सोडून देते.

आकडे घालून पाहू. जार 0.02 मायक्रोफॅरडची आणि कॉइल सुमारे 5 मायक्रोहेन्रीची घेतली तर वारंवारता 500 किलोहर्ट्झ येते, म्हणजे तरंगलांबी 600 मीटर. जहाजांची ती नेहमीची लहर. गोळ्यांमध्ये 15,000 व्होल्टला हवा फुटत असेल तर जारेत त्या वेळी सव्वादोन ज्यूल ऊर्जा असते. ऐकायला थोडी वाटते. पण ती एका मायक्रोसेकंदाच्या हिशेबात इकडून तिकडे जाते, त्यामुळे तोटा धरला नाही तर पहिल्या हेलकाव्याला साडेनऊशे अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो. 15,000 व्होल्ट अडवून धरायचे, मग मायक्रोसेकंदाच्याही अंशात लागायचं, लगेच शेकडो अँपिअर वाहू द्यायचे आणि काम झालं की आपोआप उघडायचं: असा दुसरा कुठलाही स्विच त्या काळी नव्हता. ठिणगी मागासलेली होती असं म्हणणाऱ्यांना मी हा हिशेब करून दाखवतो.

हाइनरिश हर्ट्झ यांनी 1887-88 मध्ये कार्ल्सरूहला हेच केलं होतं, फक्त तारा लहान आणि अंतर खोलीभर. घेणारं टोक म्हणजे तारेचं एक कडं, त्यात केसभर फट आणि अंधारात त्या फटीत दिसणारी सूक्ष्म ठिणगी. मार्कोनींनी 1895-96 मध्ये केलेला मोठा बदल म्हणजे एक गोळा उंच चढवलेल्या तारेला आणि दुसरा जमिनीला जोडणं. त्या क्षणी ती तार आणि जमीन मिळूनच कपॅसिटर झाले. लहर लांब झाली, जमिनीलगत दूरवर जाऊ लागली. मे 1897 मध्ये वेल्सचा लॅव्हरनॉक पॉइंट आणि फ्लॅट होम बेट यांच्या दरम्यान समुद्रावरून संदेश गेला, 1899 मध्ये इंग्लिश खाडी ओलांडली.

या साध्या रचनेत एक मोठी खोट होती. एरियललाच, म्हणजे त्या उंच तारेलाच, थेट ठिणगी लावली की ऊर्जा बाहेर फार लवकर पडते. पाच-सहा हेलकाव्यांत सगळं संपतं. हेलकावे जितके कमी, तितका सूर पसरट. अशा ट्रान्समीटरची लहर कुठल्या एका वारंवारतेवर नसतेच, ती आजूबाजूला भरपूर जागा व्यापते. एका परिसरात दोन स्टेशनं एकदम बोलू लागली की दोघांचाही संदेश बुडाला.

त्यावर उपाय म्हणजे साठवण वेगळी आणि फेक वेगळी. जार, ठिणगी आणि थोडे वेढे यांचं एक बंद वर्तुळ. त्याच्या शेजारी, चुंबकीय क्षेत्रातूनच जोडलेलं एरियलचं दुसरं वर्तुळ. दोन्ही एकाच सुरात लावलेली. जर्मनीत फर्डिनांड ब्राउन यांनी बंद वर्तुळाची वाट धरली, ऑलिव्हर लॉज यांनी 1897 मध्ये सूर जुळवण्याचं पेटंट मांडलं आणि मार्कोनींचं प्रसिद्ध 7777 क्रमांकाचं पेटंट एप्रिल 1900 मधलं. दोन वर्तुळं जोडणाऱ्या त्या ट्रान्सफॉर्मरला ऑपरेटर ‘जिगर’ म्हणत. मार्कोनी आणि ब्राउन यांना 1909 चं नोबेल विभागून मिळालं, ते मला अगदी न्याय्य वाटतं.

सूर जुळवले म्हणजे संदेश सुरक्षित झाला, असा दावा मात्र फार पुढचा होता. जून 1903 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मार्कोनींचे सल्लागार अँब्रोज फ्लेमिंग व्याख्यानातून बिनतारीचं प्रात्यक्षिक देणार होते. जादूगार नेव्हिल मॅस्केलाइन यांनी जवळच साधा ठिणगीचा ट्रान्समीटर लावला आणि प्रात्यक्षिकाच्या यंत्रात भलतेच शब्द आणि मार्कोनींची टिंगल करणाऱ्या ओळी येऊ लागल्या. वर्तमानपत्रांत मोठं वादळ उठलं. पण तांत्रिकदृष्ट्या यात नवल नव्हतं. जवळची पसरट ठिणगी कुठल्याही सुरातल्या यंत्रात घुसते, आणि त्या काळच्या घेणाऱ्या यंत्राला ‘काहीतरी आलं’ एवढंच कळायचं, काय आलं ते नाही.

हे का, ते कोहेरर पाहिल्याशिवाय समजणार नाही.

मार्कोनींचा कोहेरर म्हणजे बोटभरापेक्षाही आखूड काचेची नळी. आत चांदीचे दोन बूच, त्यांच्यात मिलिमीटरपेक्षाही कमी फट आणि त्या फटीत निकेलचा कीस, त्यात सुमारे पाच टक्के चांदीचा. नळीतली बरीचशी हवा काढून टाकलेली. कीस सैलसर असतो तेव्हा कणाकणांवर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असल्याने नळीचा रोध हजारो-लाखो ओहम भरतो. एरियलमधून आलेला उच्च वारंवारतेचा झटका हे पापुद्रे फोडतो, कण एकमेकांना सूक्ष्म टाक्यांनी चिकटतात आणि रोध एकदम काहीशे ओहमवर उतरतो. एदुआर ब्रानली यांनी पॅरिसमध्ये 1890 मध्ये हा परिणाम नीट अभ्यासला होता. झटका ओसरला तरी कण चिकटलेलेच राहतात. म्हणजे स्विच लागला तो लागलेलाच.

या नळीच्या मालिकेत एक सेल आणि एक नाजूक रिले, म्हणजे थोड्याशा प्रवाहाने दुसऱ्या वर्तुळाचा संपर्क जोडणारा विद्युतचुंबकी स्विच. रोध उतरला की मिलिअँपिअरहूनही कमी प्रवाह वाहतो आणि रिले ओढला जातो. रिलेच्या संपर्कांवरून दुसरी, मोठी बॅटरी दोन कामं करते: मोर्स इंकरची शाई लावलेली चकती सरकत्या कागदावर टेकवते आणि एका छोट्या हातोडीने कोहेररच्या नळीवर टकटक करते. टकटक झाली की कण सुटे, रोध पुन्हा वर, रिले मोकळा. पुढची ठिणगी आली की पुन्हा तेच.

इथे तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचं उत्तर आहे. कागदावरचा ठिपका उमटवणारी ऊर्जा समुद्रापलीकडून आलेली नसते. ती टेबलाखालच्या बॅटरीची. पलीकडून येतो तो फक्त स्विच लावणारा धक्का. त्यामुळे संकेत मोठा करायची गरजच पडत नाही. कीस चिकटण्याइतका तो असला की पुरे. पण म्हणूनच संकेतात लहान-मोठं, उंच-खालचं असा काही भेद उरत नाही. मित्राचा संदेश, शत्रूचा अडथळा आणि ढगातली वीज, तिघांचाही ठिपका सारखाच. अलेक्सांद्र पोपोव यांनी 1895 मध्ये रशियात हीच नळी वादळाची वीज नोंदवायला वापरली होती.

वेगाचा हिशेबही करून पाहा. मिनिटाला बारा शब्दांच्या गतीला मोर्सचा एक ठिपका सेकंदाचा दहावा भाग टिकतो. कॉइलचा तोडक सेकंदाला तीस वेळा तुटत असेल तर एका ठिपक्यात ठिणग्या फक्त तीन, आणि रेघेत नऊ. हातोडीला प्रत्येक वेळी कीस मोकळा करायचा, आणि तरी रेघ कागदावर सलग दिसायला हवी. म्हणून इंकरचं आर्मेचर (विद्युतचुंबकाकडे ओढला जाणारा लोखंडी भाग) मुद्दाम जड आणि आळशी ठेवत. मधल्या फटी ते गिळून टाकायचं. बारा-पंधरा शब्दांच्या वर हे यंत्र ओढत नसे, ते यामुळेच.

प्रत्यक्ष बांधायला घेतलं की आणखी एक अडचण समोर येते. रिलेचे संपर्क उघडताना, हातोडीचा विद्युतचुंबक सुटताना तिथेही बारीक ठिणग्या पडतात. कोहेररला त्या वीतभर अंतरावरच्या ठिणग्या समुद्रापलीकडच्या ठिणगीपेक्षा कितीतरी मोठ्या. टकटक करून कीस सुटा केला रे केला की हातोडीचीच ठिणगी तो पुन्हा चिकटवते आणि यंत्र स्वतःशीच बडबडत बसतं. मार्कोनींनी प्रत्येक संपर्कावर आणि प्रत्येक विद्युतचुंबकावर समांतर रोध लावले, कोहेरर आणि रिले यांच्यामध्ये चोक कॉइल (उच्च वारंवारतेचा प्रवाह अडवणाऱ्या) घातल्या आणि सगळं धातूच्या पेटीत बंद केलं. कोहेरर त्यांचा शोध नव्हता, इंडक्शन कॉइल नव्हती, रिले तर तारायंत्रातून आलेला. पण हे सगळं एकत्र, भरवशाने, रोजच्या रोज चालेल इतकं त्यांनी साधलं, आणि माझ्या मते त्यांचं खरं कर्तृत्व यातच आहे. काम बाहेरून दिसत नाही, म्हणून कथांमध्ये येत नाही.

12 डिसेंबर 1901 ची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. कॉर्नवॉलच्या पोल्धूहून तीन ठिपके, म्हणजे इंग्रजी एस हे अक्षर. न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर पतंगाने उचललेली सुमारे दीडशे मीटरची तार. पण तिथे घेणारं यंत्र वर सांगितलेलं नव्हतं. वाऱ्याने पतंग खालीवर होई, तारेचा सूर सतत बदले, त्यामुळे जुळवलेलं यंत्र उपयोगाचं राहिलं नाही. मार्कोनींनी पाऱ्याचा कोहेरर घेतला आणि टेलिफोनचा इअरपीस कानाला लावला. हा कोहेरर त्यांना इटलीच्या नौदलातल्या लुइगी सोलारी यांच्याकडून मिळाला होता. पारा आणि दुसरा वाहक यांच्यातला संपर्क झटका ओसरताच आपोआप पूर्वपदावर येतो, हातोडी लागत नाही. लोखंड आणि पारा यांचा असा, आपोआप सावरणारा कोहेरर जगदीशचंद्र बोस यांनी 1899 मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला होता. त्या दिवसाच्या यशात त्यांचा वाटा मानायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

बाकी त्या तीन ठिपक्यांना साक्षीदार दोनच, स्वतः मार्कोनी आणि त्यांचे सहायक केंप. कागद नाही. म्हणून मी पुराव्यासाठी फेब्रुवारी 1902 च्या ‘फिलाडेल्फिया’ जहाजाच्या फेरीकडे बोट दाखवतो. तिथे पोल्धूचे संदेश शाईने पट्टीवर उमटले, रात्री दीड हजार मैलांपर्यंत. दिवसा मात्र सातशे मैलांच्या आसपास सगळं थांबलं. रात्री लहर दूर जाते हे पहिल्यांदा असं लख्ख दिसलं. 

इअरपीसने ऐकायची ही वाट पुढे सगळ्यांनी धरली, कारण कान हा इंकरपेक्षा फार हुशार. 1902 मध्ये मार्कोनींनी कोहेररच्या जागी चुंबकीय डिटेक्टर (आलेली लहर ओळखणारं साधन) आणला, ऑपरेटर त्याला लाडाने ‘मॅगी’ म्हणत. दोन कप्प्यांवरून गोल फिरणारा बारीक लोखंडी तारांचा पट्टा, त्याला फिरवणारी किल्लीची स्प्रिंग, वर दोन नालाकृती चुंबक. पट्टा एका काचेच्या नळीतून जातो. नळीवर एरियलच्या प्रवाहाचे वेढे आणि त्यांवर इअरफोनची कॉइल. लोखंडाचं चुंबकत्व नेहमी बाहेरच्या क्षेत्राच्या थोडं मागे रेंगाळतं. एरियलमधून लहरींची लड आली की ते रेंगाळणं एकदम सुटतं, चुंबकत्व झटकन बदलतं आणि इअरफोनमध्ये ‘टक्’ वाजतं. एका ठिणगीला एक टक्. कुठे काही चिकटत नाही, हातोडी नाही, जहाज हललं तरी बिघडत नाही. दर थोड्या वेळाने किल्ली द्यायची एवढंच.

आणि मग ठिणग्यांच्या संख्येला महत्त्व आलं. सेकंदाला पाचशे ठिणग्या पाडल्या तर कानात पाचशे टक्टक् मिळून एक सूर ऐकू येतो. त्यासाठी थरथरती पट्टी जाऊन जनरेटर आणि त्याच्याबरोबर फिरणारी दातेरी चकती आली. मॅक्स वीन यांच्या 1906 च्या कामावरून टेलिफुंकन या जर्मन कंपनीने वेगळी वाट काढली: तांब्याच्या अनेक चकत्या, मध्ये अभ्रकाच्या कड्या, प्रत्येक फट मिलिमीटरच्या अंशाइतकी. ठिणगी लगेच थंड होऊन विझते, त्यामुळे एरियलकडे गेलेली ऊर्जा जारेकडे परतू शकत नाही आणि एरियल एकट्याच्या सुरात हेलकावत राहतं. लहर एकदम नेटकी.

सुराचं मोल मला समुद्रावरच कळलं. मे महिन्यात कोकण किनाऱ्याजवळून जाताना 500 किलोहर्ट्झवर विजांचा कडकडाट इतका असतो की नवखा माणूस हेडफोन काढून ठेवतो. पण त्या खरखरीतून एक बारीक, स्थिर सूर कान वेगळा काढतो. कोहेररला ते कधीच जमलं नसतं. एक मात्र लक्षात घ्या: सेकंदाला पाचशे ठिणग्या म्हणजे दोन ठिणग्यांत दोन मिलिसेकंद. प्रत्येक लड वीस हेलकाव्यांची धरली तर ती टिकते 40 मायक्रोसेकंद. म्हणजे मोर्सची कळ दाबलेली असतानाही ट्रान्समीटर 98 टक्के वेळ गप्पच असतो.

‘टायटॅनिक’वर 1912 मध्ये हीच पिढी होती. पाच किलोवॉटचा फिरत्या चकतीचा संच, घ्यायला मॅगी, आणीबाणीसाठी बॅटरीवर चालणारी दहा इंची कॉइल. अपघाताच्या आदल्या रात्री मुख्य संच बंद पडला होता. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या तारा आवरणाच्या आत जळून लोखंडी बोल्टला टेकल्या होत्या. जॅक फिलिप्स आणि हॅरल्ड ब्राइड हे दोघे ऑपरेटर कित्येक तास खपून तो दोष शोधत बसले. तो सापडला नसता तर दुसऱ्या रात्रीची हाक फक्त त्या कॉइलवर द्यावी लागली असती.

पुढचं भरभर सांगता येईल. गॅलेना, सिलिकन आणि कार्बोरंडम यांचे स्फटिक डिटेक्टर आले. त्यातल्या गॅलेनाचं पेटंट पुन्हा बोस यांचं, अर्ज 1901 चा, मंजुरी 1904 ची. 1904 मध्ये फ्लेमिंगचा दोन इलेक्ट्रोडचा व्हॉल्व्ह, 1906 मध्ये ली डी फॉरेस्टचा तीन इलेक्ट्रोडचा ऑडिऑन; तो ॲम्प्लिफायर, म्हणजे संकेत मोठा करणारं साधन, म्हणून वापरायला आणखी काही वर्षं गेली. स्वीडनमधल्या ग्रिमेटनला अलेक्झांडरसन अल्टरनेटर 17.2 किलोहर्ट्झवर अजून अधूनमधून सुरू करतात. ठिणगीशिवाय, नुसत्या फिरत्या यंत्राने रेडिओ लहर कशी निघते ते ज्यांना ऐकायचं आहे त्यांनी ते जरूर ऐकावं. 1927 च्या वॉशिंग्टन परिषदेत ठिणगीच्या ट्रान्समीटरना टप्प्याटप्प्याने निरोप द्यायचं ठरलं. त्याच वर्षी सप्टेंबरात खडकीच्या ट्रान्समीटरवरून आणि दौंडच्या रिसीव्हरवरून इंग्लंडशी शॉर्टवेव्ह बीम सेवा सुरू झाली, पूर्ण व्हॉल्व्हवर. जहाजांची 600 मीटरची लहर मात्र टिकली. प्रत्येक तासात दोनदा तीन-तीन मिनिटं गप्प राहून त्या लहरीवर कान ठेवायचा नियम आम्ही 1999 पर्यंत पाळला.

हे हाताने करून पाहायचं असेल तर ठिणगीचा ट्रान्समीटर एरियलला जोडू नका. ते बेकायदा आहे, आणि भरलेली जार जीव घेऊ शकते. स्वयंपाकघरातला गॅस लायटर पुरतो; त्यात दाबाने ठिणगी टाकणारा स्फटिक असतो. पारदर्शक बारीक नळी घ्या, दोन्ही बाजूंनी स्क्रू घाला, मध्ये कानशीने काढलेला, एक-दोन दिवस उघड्यावर ठेवलेला लोखंडाचा कीस चिमूटभर. कीस ठासून भरू नका. नळी हलवल्यावर तो सरकताना दिसायला हवा. मालिकेत दोन पेन्सिल सेल, शंभरेक ओहमचा रोध आणि लाल एलईडी. नळीच्या दोन्ही टोकांना हातभर तार. वीतभर अंतरावर लायटर दाबा, एलईडी लागेल आणि लागलेलाच राहील. नळीवर टिचकी मारा, विझेल. आपोआप लागू लागला तर कीस जास्त घट्ट आहे. लागतच नसेल तर फार सैल किंवा फार गंजलेला. खोलीतल्या जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचं बटण बंद केल्यावरही तो कधी कधी लागतो, ते बारकाईने पाहा. एवढं जमलं की एलईडीच्या जागी नाजूक रिले आणि टिचकीच्या जागी जुन्या घंटेची हातोडी लावा, पण त्याआधी घंटेच्या संपर्कांवर आणि कॉइलवर समांतर रोध लावून घ्या.